राग आवरत नाही, डीबीटी ग्रुपला जाऊ का?

मुलुंडकर: माझं डोकं एका सेकंदात फिरतं, परवा लोकलमध्ये नुसता धक्का लागला तर कचाकच भांडलो आणि मग घरी येऊन रडारड. डॉक्टर म्हणाल्या डीबीटीचा (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) ग्रुप जॉइन कर, पण अनोळखी लोकांसमोर घरचं काय सांगत बसायचं?

खादाडबोका: अरे तसं नसतं ते. स्किल्स ग्रुप म्हणजे जवळपास क्लासच, होमवर्क देतात आणि तपासतात पण! मार्शा लिनेहान या अमेरिकन बाईंनी काढलेली पद्धत. माइंडफुलनेस, त्रास सहन करणं, भावना सांभाळणं आणि लोकांशी नीट बोलणं, असे चार भाग, आठवड्यातून एकदा, पूर्ण राउंड साधारण २४ आठवडे. घरची भांडणं वेगळ्या सेशनला.

शिवडीची_सई: डोकं फिरलं की श्वास रोखून गार पाण्यात तोंड बुडव, अर्धा मिनिट, ठोके खरंच मंदावतात. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार हं. लोकलमध्ये बादली कुठून आणणार, तिथे श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव.

मुलुंडकर: ओके. आणि रात्री-बेरात्री फारच झालं तर?

खादाडबोका: टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, मराठीतून बोलतात.