हार्ट फेल्युअर आणि डिव्हाइस, दोन्हीत करिअर करता येतं का?

हृदयरेसिडेंट: कार्डिओलॉजीचं ट्रेनिंग संपत आलंय, बरोबरचे बहुतेक सगळे अँजिओप्लास्टीकडे चाललेत. मला मात्र हार्ट फेल्युअरच्या ओपीडीतच मन लागतं, तोच पेशंट परत परत येतो आणि डोस वाढवत नेले की आधी दोन पावलं चालून धापा टाकणारा माणूस जिना चढायला लागतो. पेसमेकर, आयसीडी (जीवघेणी लय आली की शॉक देणारं यंत्र), सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र ठोके देतील असं करणारं यंत्र) पण करायचंय. त्यासाठी आधी पूर्ण ईपी (इलेक्ट्रोफिजिओलॉजी, हृदयाच्या लयीच्या आजारांची शाखा) करावीच लागते का?

जुनीलीड: अब्लेशन (लय बिघडवणारा भाग निकामी करणं) करायचं नसेल तर नाही. युरोपात ईएचआरए या हृदयलयीच्या संघटनेच्या डिव्हाइस आणि ईपी अशा दोन वेगळ्या परीक्षाच आहेत. आणि माझं ऐकशील तर दोन्ही एकत्रच कर. लीड (यंत्राची हृदयात जाणारी तार) टाकायला हात बसतो रे, पण कोणाला टाकायची आणि कोणाला नाही हे कळायला फार वर्षं जातात. ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) ३५ च्या खाली दिसला की लगेच आयसीडी असं नसतं, अटॅकनंतर ४० दिवस तरी थांबायचं, औषधं नीट डोसला नेऊन ३ महिन्यांनी परत इको करायचा, तेवढ्यात कितीतरी जणांचा ईएफ वर येतो आणि डिव्हाइस लागतच नाही. २०१६ च्या डॅनिश ट्रायलमध्ये तर ब्लॉकेज नसलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आयसीडीने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, तरुण पेशंटना मात्र फायदा दिसला. सीआरटीचंही तेच, एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या विद्युतवाटेत अडथळा) आणि क्यूआरएस (ईसीजीतली खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची रुंदी) १५० मिलिसेकंदांच्या वर असेल तर मस्त चालतं, बाकीच्यांत नीट विचार करावा लागतो. हा विचार हार्ट फेल्युअर रोज बघणाराच करू शकतो.

प्रोग्रॅमर_ताई: मी डिव्हाइस क्लिनिक बघते. सर म्हणाले ते बरोबर, पण खरं काम इम्प्लांटनंतर सुरू होतं. सीआरटी बसवलं आणि एएफमुळे (वरच्या कप्प्यांची अनियमित लय) पेसिंग, म्हणजे यंत्राने दिलेले ठोके, ८० टक्केच होतंय तर पेशंटला काय उपयोग, ते ९८ च्या वर हवं. आयसीडीचा चुकीचा शॉक बसलेला माणूस किती घाबरतो ते एकदा बघ, नंतर तो चालायलाही भितो. २०१२ च्या मॅडिट-आरआयटी ट्रायलने दाखवलं की शॉक सुरू व्हायची हृदयाच्या रेटची मर्यादा वर ठेवली किंवा शॉकआधी जास्त वेळ थांबलं तर असे शॉक खूप कमी होतात. तेव्हा प्रोग्रॅमिंग स्वतः शिक, कंपनीच्या माणसावर सोडू नकोस.

लेक_पेशंटची: मी डॉक्टर नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. बाबांना आयसीडी होता. शेवटच्या दिवसांत शॉक बंद करता येतो, ऑपरेशन लागत नाही आणि पेसिंग चालूच राहतं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही या फील्डमध्ये आलात तर हे बसवायच्या आधीच सांगा हो.

हृदयरेसिडेंट: ताई, नक्की सांगेन. सर, लेफ्ट बंडल पेसिंग (हृदयाच्या डाव्या विद्युतवाटेतच लीड बसवणं) आता शिकू की आधी सीआरटी?

जुनीलीड: दोन्ही. सेप्टमला (हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्याला) स्कार म्हणजे व्रण असेल तर लेफ्ट बंडलची लीड आत जाता जात नाही, तेव्हा कोरोनरी सायनस (हृदयाची मोठी शीर) यातून सीआरटीची लीड टाकता यायलाच हवी.