परदेशी प्राणीसंस्थांना पैसे पाठवून खरंच काही होतं का?

पुळणीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यात राहतो. मागच्या दारी सुरूचं बन आणि पलीकडे पुळण. माझ्या पुतणीने पुण्यात नोकरी लागल्यापासून एका मोठ्या परदेशी प्राणीसंस्थेला दरमहा पैसे द्यायला सुरुवात केली आहे. सासऱ्यांचं म्हणणं, तिकडे दिलेला पैसा आपल्या किनाऱ्यावर कशाला येतोय? त्यावरून घरात वाद चालू आहे.

हे विचारायला कारण घडलं ते गेल्या श्रावणात. पुळणीवर एक कासव लागलं. पुढच्या पायाला हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा गुंता, आणि दोरा मांसात इतका रुतलेला की त्याच्यावरून कातडी चढायला लागली होती. शेजारच्या दादांनी छोट्या कात्रीने एकेक धागा कापला. कासव डोळे मिटून पडलेलं, मधूनच मान उचलून मोठा श्वास घ्यायचं. मी नुसती डोक्यावर ओलं पोतं धरून बसले होते. वनखात्याची माणसं आली आणि उपचारांना घेऊन गेली.

तर जाणकारांनी सांगा, जगभरातल्या या संस्था नेमकं करतात काय? कुठे फरक पडल्याचं उदाहरण आहे का?

कासवमित्र_मंडणगड
ताई, फरक पडतो. पण कुठल्या संस्थेमुळे पडतो ते बघावं लागतं. माझी कसोटी एकच आहे: पैसा किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात जातो का?

ब्राझीलमध्ये १९८० साली तामार नावाचा प्रकल्प सुरू झाला. तिथेही आपल्यासारखंच, कासवाची अंडी काढून खायची नि विकायची. प्रकल्पाने त्याच लोकांना पगार देऊन घरट्यांची राखण करायला ठेवलं. कारण घरटं कुठे असतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. कोस्टा रिकात तोर्तुगेरोला १९५९ पासून एक संस्था काम करते आहे, साठ वर्षांहून जास्त. एवढा काळ एका किनाऱ्याला चिकटून राहणं मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं, हिरव्या कासवाला तर त्याहून अधिक. तीन वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पाला आपण सोडलेलं पिल्लू परत आलेलं दिसणारच नाही.

आणि आपलं मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे काम सुरू केलं. आधी अंडी माणसं न्यायची, उरली तर कोल्हे-कुत्री उकरायची. मग गावातलीच पोरं राखणीला उभी राहिली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायचा कासव महोत्सव आला, घराघरांत पाहुणे उतरायला लागले, आणि गावाला कासव जगण्यात फायदा दिसला.

काम काय असतं ते सांगतो, कारण पैसे देणाऱ्याला हे कळायला हवं. पहाटे भरतीच्या रेषेवर माग शोधत चालायचं. माग जिथे वळतो तिथली वाळू काठीने चाचपायची; घरट्यावर काठी अलगद आत जाते. मग हातानेच उकरायचं, साधारण दीड फूट. शंभर-सव्वाशे अंडी, मऊ कवचाची, ओलसर. मोजून बादलीत त्याच घरट्यातली वाळू घालून ठेवायची आणि हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखीव कुंपणात, तसाच सुरईसारखा खड्डा करून पुरायची. हे सगळं काही तासांत. उशीर झाला की आतला गर्भ कवचाला चिकटतो, मग अंडं उलटंपालटं झालं तर गेलं. त्यानंतर पन्नासेक दिवस राखण. पिल्लं यायची वेळ झाली की घरट्यावर टोपली पालथी घालतो आणि रात्री-अपरात्री उचलून बघतो.

तुमच्या सासऱ्यांना एक सांगा. २०२१ मध्ये ओडिशात पायाला बिल्ला लावलेली मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. तिला कुठल्या किनाऱ्याची म्हणायची? एक पुळण राखून भागत नाही, म्हणून दूरच्या कामालाही माझा पाठिंबा आहे.

हर्णैचा_तांडेल
मी दुसरी बाजू मांडतो. वेळासचं काम चांगलं आहे, शंकाच नाही. पण काही संस्था किनाऱ्यावर पाय न ठेवता कोर्टातून काम करतात आणि त्याचा चटका आम्हाला बसतो.

अमेरिकेतल्या एका पर्यावरण संस्थेने तिथल्या न्यायालयात दावा लावला. १९९५ च्या त्या निकालामुळे कासव सुटायची सोय नसलेल्या ट्रॉलरची कोळंबी साऱ्या जगातून घेणं तिथे बंद करायची वेळ आली. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९८ मध्ये निकालही लागला. पण प्रश्न मिटला नाही. २०१९ मध्ये आपल्या समुद्रात ट्रॉलने पकडलेल्या कोळंबीवर तिकडे बंदी आली आणि भाव इथे बंदरात पडला. आमच्यापैकी कोणाला आधी येऊन विचारलं?

कासव सुटायचं यंत्र मी पाहिलं आहे. जाळ्याच्या गळ्यात लोखंडी गजांची जाळी बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव आपटून वरच्या झडपेतून बाहेर. कल्पना योग्य आहे. कासवाला हवा घ्यायला वर यावंच लागतं आणि ट्रॉल तासन् तास ओढला की ते आतच गुदमरतं. मेलेलं कासव जाळ्यात येतं तेव्हा खलाशी हात जोडतात, आनंद कोणालाच होत नाही. पण थोडा माल झडपेतून जाणार, त्याचं काय? यंत्र बसवून दाखवा, दोन हंगाम आमच्याबरोबर समुद्रात या, मग बोला.

गुजरातने हे बरोबर केलं. तिथे बहिरी मासा, म्हणजे तो ठिपक्यांचा अवाढव्य व्हेल शार्क, तेलासाठी मारायचे. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण पालटलं ते २००४ नंतर. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम काढली, रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी त्याला माहेरी येणारी लेक म्हटलं, आणि जाळं कापून सोडणाऱ्याला भरपाई मिळायला लागली. आपल्याकडेही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. फोटो किंवा व्हिडिओ लागतो, नौकेची कागदपत्रं लागतात. माझ्या ओळखीतल्यांना मिळाली आहे.

पशुवैद्य_रत्नागिरी
ताई, तुमच्या कासवाशी थेट जुळणारं काम मालदीवमध्ये चालतं. ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट, २०१३ पासून. तिथे गळाने मासेमारी करतात, तरी जाळ्यात अडकलेली कासवं ढिगाने येतात, कारण टाकून दिलेली जाळी बाहेरच्या देशांतून वाहत येतात. ही मंडळी जाळ्याचा धागा, गाठ आणि भोकाचं माप नोंदवून ते कुठलं असेल याचा माग काढतात. जखमी कासवांसाठी २०१७ पासून त्यांचा दवाखाना आहे.

आणि पाय कापावा लागला तरी धीर सोडू नका. तीन पायांची कासवं समुद्रात जगतात, माद्या अंडीही घालतात. पुढच्या वेळी मात्र दोरा मांसात रुतलेला असेल तर तो ओढू नका, बाहेरचं जाळं तेवढं कापा. कासव सावलीत ठेवा, पाण्यात परत ढकलू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पुळणीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. पुतणीला हा धागा पाठवला. ती त्या संस्थेला पत्र लिहून विचारणार आहे की पैसा कुठल्या किनाऱ्यावर जातो आणि राखणदाराला पगार किती. सासरे तांडेलदादांचं लिखाण दोनदा वाचून घेऊन म्हणाले, भरपाईचे कागद आपल्या वाडीतल्या नौकावाल्यांना कोणी समजावले आहेत का? दादा, हर्णैहून कोणी एक दिवस येऊ शकेल का? जेवणाखाण्याची सोय आमच्याकडे.

हर्णैचा_तांडेल
येतो. नारळी पौर्णिमेच्या आधी ठरवा, नंतर आम्ही समुद्रात.