कन्सेंट फॉर्मचे (पेशंटच्या संमतीपत्राचे) फोटो व्हॉट्सॲपवर मागतायत, पाठवायचे का?

सीआरसी_पुणे: टीबीच्या औषधाच्या ट्रायलवर सीआरसी, म्हणजे हॉस्पिटलमधली कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. आमचा मॉनिटर (स्पॉन्सरतर्फे, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्यांतर्फे, कागद तपासायला येणारा) या महिन्यात साइटवर येऊ शकत नाहीये, तर म्हणतोय सगळ्या पेशंटच्या सहीच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲप करा, फक्त तारीख आणि फॉर्मचं व्हर्जन बघायचंय. पण त्या पानावर नाव, पत्ता, शिक्षण, वार्षिक उत्पन्न, नॉमिनीचं नाव सगळंच असतं ना! पीआय सर (ट्रायलचे प्रमुख डॉक्टर) म्हणाले पाठवून दे, मॉनिटरला अधिकार असतो. मला पटत नाहीये.

जुना_मॉनिटर: अजिबात पाठवू नका. अधिकार आहे तो साइटवर येऊन ओरिजिनल बघायचा, घरी घेऊन जायचा नाही. स्पॉन्सरकडे पेशंट फक्त कोडने जातो, आणि त्या कोडमागचं माणूस कोण हे सांगणारे मुख्य कागद दोन, आयडी लॉग (कोड आणि नावांची यादी) आणि कन्सेंट फॉर्म, म्हणून ते साइटवरच कुलपात ठेवायचे असतात. त्याला कन्सेंट लॉग पाठवा, म्हणजे कोड, फॉर्मची भाषा, व्हर्जन, सहीची तारीख, कन्सेंट कोणी घेतला, पेशंटला कॉपी दिली का. ओरिजिनल तो पुढच्या व्हिजिटला बघेल. तरी पानच हवं म्हणाला तर आधी इथिक्स कमिटीला (पेशंटच्या हितासाठी ट्रायलवर लक्ष ठेवणारी समिती) विचारा, आणि नाव खोडून द्यायची वेळ आली तर मार्करवर भरवसा ठेवू नका, कागद उजेडासमोर धरला की खालचं नाव वाचता येतं, खोडलेल्या कॉपीची परत झेरॉक्स काढून तीच द्या.

नागपूरकर_सीआरसी: +१. व्हिडिओ कन्सेंट घेत असाल तर तिथेही लक्ष द्या. नवीन मॉलिक्यूलच्या ट्रायलमध्ये व्हल्नरेबल, म्हणजे ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशा पेशंटचं कन्सेंट घेतानाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं, पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांतही फक्त ऑडिओच आहे, कारण उघड आहे, चेहरा दिसायला नको. आणि हे रेकॉर्डिंग लोक सर्रास स्वतःच्या मोबाइलवर करतात, बॅकअप चालू असतो, फाइलला पेशंटचंच नाव! हॉस्पिटलचा वेगळा कॅमेरा मागा, नाहीच मिळाला तर पीआयकडून लेखी उत्तर घ्या.

समुपदेशक_ताई: पेशंटच्या कॉपीबद्दल कोणी बोलतच नाही. आमच्याकडे एक सून कॉपी घरी न्यायलाच तयार नव्हती, वर ठळक अक्षरात आजाराचं नाव, सासूला वाचता येतं. कॉपी देणं तर बंधनकारक आहे. मग कमिटीला विचारून आम्ही साधं कोरं पाकीट द्यायला लागलो, आणि नेणार नाही म्हटलं तर सोर्समध्ये (पेशंटच्या मूळ कागदांत) तशी नोंद करून तिच्या नावाने कॉपी सांभाळून ठेवतो, मागेल तेव्हा देतो. फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता करायचा हेही त्याच दिवशी विचारून घ्या बाई.

सीआरसी_पुणे: थँक्यू सगळ्यांना, लॉग पाठवला, मॉनिटर ठीक आहे म्हणाला. पण आधीच्या सीआरसीने काही फोटो ग्रुपवर टाकलेलेच आहेत. गुपचूप डिलीट करू का?

जुना_मॉनिटर: गुपचूप नको. तुम्ही डिलीट केलं तरी ज्यांच्या गॅलरीत सेव्ह झालेत त्यांच्याकडे ते राहणारच. आजच पीआयना लेखी कळवा, कोणते पेशंट आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते लिहा, डेव्हिएशन (ठरलेली पद्धत मोडली) म्हणून इथिक्स कमिटीकडे जाऊ दे, प्रत्येकाकडून डिलीट केल्याचं लेखी घ्या, आणि पेशंटना सांगायचं का आणि कसं हे कमिटीला ठरवू दे.