बागेत सेल्फी पॉइंट की बाक?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 बागेच्या फंडात थोडी शिल्लक आहे. कमिटीचा विचार असा की गेटजवळ एलईडीच्या अक्षरांत सोसायटीचं नाव, मधे लाल बदाम. सेल्फी पॉइंट. हरकत असेल तर आजच सांगा.

ए-२०३: मस्त 👍👍

सी-१०१: बदाम लावा हो, पण आधी बसायचं बघा. त्या सिमेंटच्या बाकाला ना पाठ ना हात. उठताना मी चाफ्याची फांदी धरते. परवा मोडली ती.

ए-२०३: ती तुम्ही मोडलीत काकू? मी पोरांना झापलं त्यावरून 😳

बी-५०४: काकूंचं बरोबर आहे. माझं कामच प्रॉडक्ट डिझाइनचं, म्हणून जरा लांबण लावते. १९९० मध्ये अमेरिकेत ऑक्सो कंपनीचा जाड रबरी मुठीचा, साल काढायचा पीलर आला. कंपनी काढणाऱ्या सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात, साधा पत्र्याचा पीलर हातात धरवेना, त्यातून ही कल्पना निघाली. घेतला मात्र धडधाकट हातांच्या लोकांनीही, कारण ओल्या हातातूनही तो सटकत नाही. मेट्रो स्टेशनवरच्या उठावाच्या पिवळ्या लाद्या जपानच्या सेइइची मियाके यांच्या. अंध माणसांना पायाने वाट कळावी म्हणून १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. आणि सिंगापूरमध्ये ज्येष्ठांनी सिग्नलच्या खांबाला कार्ड टेकवलं की रस्ता ओलांडायला जास्तीचे सेकंद मिळतात.

खजिनदार: सिंगापूर राहू दे गं. आपण काय करायचं ते सांग.

बी-५०४: बाक, काका. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच, पाठ किंचित कललेली, दोन्ही टोकांना हात. हात पुढच्या कडेपर्यंत आले पाहिजेत, उठताना जोर तिथेच द्यावा लागतो. आणि बैठकीखाली मोकळी जागा हवी. उठायच्या आधी आपण पाय मागे घेतो, सिमेंटच्या ठोकळ्याला तिथेच टाच आपटते. आत्ता खुर्चीत बसला असाल तर पाय पुढे ठेवून उठून बघा.

ए-२०३: खरंच उठता येत नाही 😂

ए-२०३: पण मधेही एक हात टाका. दुपारी वॉचमन आडवा होतो तिथे.

बी-५०४: लंडनच्या कॅम्डेनमध्ये २०१२ मध्ये असेच काँक्रीटचे बाक आणले, उतरते आणि ओबडधोबड, कुणाला झोपताच येऊ नये म्हणून. डोकं भरपूर लावलंय, पण त्यावर निवांत बसणंही कठीण. माणसाला हुसकवायलाही डिझाइनच वापरतात. मला नाही पटत.

सी-१०१: रात्रभर जागतो बिचारा. केबिनमध्ये पंखासुद्धा नाही. पडला तासभर तर कुणाचं काय अडलं?

सेक्रेटरी: काकू, पंख्याचं मीटिंगमध्ये घेऊ. मग सेल्फी पॉइंट रद्द धरायचा का?

ए-२०३: गणपतीला लायटिंग असतंच की गेटला. फोटो तिथे काढू.

खजिनदार: दोन बाकांचं कोटेशन मागवतो. पूर्ण स्टीलचा करू, टिकेल.

सी-१०१: स्टील नको रे बाबा, एप्रिलमध्ये संध्याकाळी ५ लासुद्धा चटका बसतो. हाताला तरी लाकूड लाव.

बी-५०४: सांगाडा लोखंडी, हात लाकडी. स्केच रात्री टाकते. फॅब्रिकेटरकडे एकच बाक आधी करून घ्या, काकू बसून-उठून बघतील, मग दुसरा.

सी-१०१: सकाळी ११ नंतर ठेवा, त्याआधी माझी पूजा असते.