६९ कमॅरो: रेसचं पॅडल सुरुवातीला घट्ट, नवीन केबल टाकूनही तसंच

जुनंलोखंड

१९६९ ची शेवरोले कमॅरो, ३५० स्मॉल ब्लॉक, टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कार्बोरेटर मूळचा नाही. होली १८५०, म्हणजे ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा) व्हॅक्यूम सेकंडरीवाला (मागच्या दोन प्लेटा व्हॅक्यूमने उघडणारा), खाली एडेलब्रॉकचा ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड. पॅडलवर पाय ठेवला की आधी हलतच नाही, जोर दिला की एकदम सुटतं आणि गाडी उडी मारते. तिथून पुढे हलकं. इंजिन बंद असताना त्रास कमी, आयडलवर असताना जास्त. केबल नवीन टाकली, आत तेलही सोडलं, काडीचा फरक नाही. रिटर्न स्प्रिंग दोन आहेत. एक काढून टाकली तर चालेल का?

पाना_१४

अजिबात काढू नका. एक तुटली तर दुसरीने थ्रॉटल (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या प्लेटा) बंद करावं, यासाठीच दोन असतात. शिवाय स्प्रिंग जड असेल तर पॅडल शेवटपर्यंत जड लागेल, फक्त सुरुवातीला नाही.

आधी दोष कुठे आहे ते पकडा. इंजिन बंद आणि थंड. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या आर्मवरून (प्लेटांचा शाफ्ट फिरवणारा दांडा) रेसची आणि किकडाउनची (पॅडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) अशा दोन्ही केबली सोडा, स्प्रिंगा उतरवा. मग एकेक तपासा:

१. आत बसून नुसतं पॅडल दाबा. फायरवॉलवरच्या ब्रॅकेटमध्ये लिव्हर जिथे फिरतो तिथे गंज किंवा वाळलेलं ग्रीस असतं. साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावा. जाड कार्पेट पॅडलच्या मागे दबतंय का तेही बघा.

२. पॅडलकडचं टोक सोडवून केबल हाताने मागेपुढे ओढा. कुठेही खरखर नको. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी असलेल्या केबलीत तेल सोडायचं नसतं, त्यावर धूळ बसून पुढे तीच घट्ट होते.

३. आर्म बोटाने फिरवा. इथे जी अडचण लागेल ती कार्बोरेटरचीच.

किकडाउन केबलवर पहिला संशय नको. टीएच३५० मध्ये ती नीट लावलेली असेल तर तिचा ताण पॅडलच्या शेवटच्या भागातच येतो. ७००आर४ गिअरबॉक्स असता तर गोष्ट वेगळी. त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल पहिल्या इंचापासून ओढली जाते, आणि ती सोडून गाडी चालवली तर आतले क्लच जळतात.

तेलकटहात

होलीच्या सेकंडरी प्लेटा पूर्ण बंद होऊन बोअरमध्ये (हवेच्या गोल नळीत) रुतल्या असतील. बेसप्लेटखाली सेकंडरीचा छोटा स्टॉप स्क्रू असतो, तो बघा. आणखी एक: इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी नसेल किंवा गंजली असेल तर स्टार्टरचा करंट रेसच्या केबलीतून वाट काढतो. केबल तापते, आतली नळी वितळते, आणि नवीन केबलही लवकरच जुन्यासारखी होते. मल्टिमीटरची एक तार ब्लॉकवर, दुसरी बॉडीच्या स्वच्छ धातूवर धरून स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी बदला.

व्हॅक्यूमवाला

अर्थिंगचा मुद्दा पटला, सेकंडरीचा नाही. होली १८५० मध्ये पॅडल सेकंडरी उघडतच नाही, ते काम व्हॅक्यूम डायफ्रॅम करतो. मधल्या लिंकला लांबट खाच असते, त्यामुळे सेकंडरी चिकटल्या तरी प्राथमिक, म्हणजे पॅडलने उघडणाऱ्या, प्लेटा मोकळ्या फिरतात. पॅडल जड होतं ते मेकॅनिकल सेकंडरीच्या (पॅडलनेच उघडणाऱ्या) डबल पंपर कार्बोरेटरमध्ये, आणि तिथेही अडचण प्रवासाच्या मध्यावर लागते, सुरुवातीला नाही.

इथे इंजिन चालू असताना जास्त घट्ट, हीच खूण पुरेशी आहे. आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम बंद प्लेटांवर आणि शाफ्टवर खूप जास्त असतो. त्यात प्लेटा बोअरमध्ये पाचरीसारख्या बसल्या असतील तर ओढून काढाव्या लागतात. आयडल स्क्रू (आर्मला टेकून आयडलचा वेग ठरवणारा) किती आटे आत आहे?

जुनंलोखंड

पॅडल मोकळं, केबल मोकळी. आर्म मात्र अडतो, मग टक्‌ आवाज करून सुटतो. आयडल स्क्रू आर्मला टेकतच नाही, मध्ये कागद सरकतो! अर्थिंग ०.०५ व्होल्ट.

व्हॅक्यूमवाला

मग झालं. स्क्रू टेकत नाही म्हणजे प्लेटांचा सगळा भार बोअरच्या भिंतीवर. कुणीतरी आयडल खाली आणायला स्क्रू पूर्ण सोडला आहे. पण आयडल मुळात चढं का होतं, हे शोधल्याशिवाय स्क्रू आत घेतला तर इंजिन वाजवीपेक्षा जास्त फिरत राहील.

आणि इथे तेलकटहात यांचा स्क्रू कामाला येतो, फक्त उलट कारणाने. तो जास्त आत असेल तर हवा सेकंडरीतून येते, आणि तिची भरपाई म्हणून प्राथमिक बंद केल्या जातात. कार्बोरेटर उतरवा, उलटा धरा. सेकंडरीचा स्क्रू प्लेटा पूर्ण बसेपर्यंत सोडा, पुन्हा टेकेपर्यंत आत घ्या आणि वर पाव ते अर्धा आटा. मग बोअर आणि प्लेटांच्या कडा कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा. काळा चिकट पट्टा नेमका बंद प्लेटेच्या रेषेवर सापडेल. पॉलिश पेपर नको. प्लेटांचे स्क्रूही सोडू नका. त्यांची टोकं ठोकून पसरवलेली असतात, आणि सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

आता प्राथमिक बाजूचा आयडल स्क्रू असा लावा की प्लेटेखाली ट्रान्स्फर स्लॉट (बोअरच्या भिंतीतली पेट्रोलची बारीक खाच) अर्धा ते एक मिलिमीटर, साधारण चौकोनी, दिसेल. बसवून इंजिन गरम करा. तरीही आयडल चढं राहिलं तर बेस गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी आणि इग्निशन टायमिंग तपासा. स्क्रूला हात लावू नका.

पाना_१४

बसवताना चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे, ६० ते ८० इंच-पाउंड (७ ते ९ न्यूटन-मीटर) एवढेच आवळा. जास्त आवळले की बेसप्लेट वाकते आणि शाफ्ट जॅम होतो. प्रत्येक नटानंतर आर्म फिरवून बघा. जिथे घट्ट वाटेल तिथेच थांबा. गॅस्केटची कड प्लेटेच्या वाटेत येत नाही ना, हे पूर्ण उघडून बघा.

ब्रॅकेट मूळ कार्बोरेटरचाच ठेवला असेल तर होलीवर केबल तिरकी जाते आणि आवरणाच्या तोंडाशी घासते. आयडलला आणि पूर्ण थ्रॉटलला, दोन्ही वेळी तार सरळ निघाली पाहिजे. केबलचा स्टड शाफ्टपासून दूरच्या भोकात लावला की पॅडल हलकं होतं, पण प्रवास वाढतो आणि पूर्ण थ्रॉटल मिळत नाही. स्प्रिंगचं उलटं: दूरच्या भोकात लावली की पॅडल जड.

पूर्ण थ्रॉटलला ॲक्सिलरेटर पंपाचा (पॅडल दाबताच जादा पेट्रोल सोडणारा) लिव्हर पूर्ण दाबून त्यात ०.०१५ इंचाची फीलर पट्टी जाते का तेही बघा. फट नसेल तर डायफ्रॅम तळाला आपटतो आणि पॅडल शेवटी अडतं.

एअर क्लीनर परत बसवल्यावर, इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पॅडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि आर्मकडे बघा. पुष्कळदा क्लीनरच्या तळाची कड लिंकेजला लागते. पाय काढल्यावर आर्म खाडकन स्टॉपवर आला पाहिजे, आणि हे एकेक स्प्रिंग उतरवूनही.