मदत हवी आहे: कोबॉलमधून आयनेट_अ‍ॅडर कॉल केल्यावर ठरावीक आयपी पत्तेच चुकतात

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर ग्नूकोबॉल (कोबॉलचा मोफत कंपायलर), ६४-बिट इंटेल यंत्र. रात्रीच्या बॅचमधला प्रोग्राम मास्टर फाइलमधून शाखेचा आयपी पत्ता उचलतो, आयनेट_अ‍ॅडरला कॉल करून त्याचा चार बाइटांचा आकडा करतो आणि सॉकेट (नेटवर्कवरची जोडणी) जोडतो. १९२.१६८.००१.००१ ते ००७ व्यवस्थित जोडले जातात. ००८ आणि ००९ ला ४२९४९६७२९५, म्हणजे उणे १ (पत्ता नाकारल्याची खूण) येतो. आणि ०१० मागितला की .८ वरचं यंत्र उत्तर देतं! १०० च्या पुढे पुन्हा सगळं ठीक. ००८ चं किमान कळतं तरी. ०१० चा डेटा गुपचूप दुसऱ्याच शाखेत जातोय, लॉगमध्ये काही नाही, याची फार धास्ती वाटते.

तपासलेलं सांगते. पत्त्याचे चार भाग मास्टरमध्ये पिक ९(३) आहेत, म्हणजे पुढे शून्यं भरून तीन अंकी. स्ट्रिंगने मध्ये टिंबं घालून शेवटी एक्स"००" (मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) जोडलाय, म्हणजे मागच्या स्पेसचा प्रश्न नाही. उत्तर बायनरी-लाँग अनसाइन्डमध्ये (चार बाइटांचा, बिनचिन्हाचा आकडा) घेते. बाइटांचा क्रम उलटतोय अशी शंका होती, पण १९२.१६८.१.१० हाताने लिहून दिला तर १६७८८०८९६ येतं आणि मेमरीत सोळामानात सी०, ए८, ०१, ०ए (१९२, १६८, १, १०) असं बरोबर दिसतं. मग फाइलमधून आलेलाच का चुकतो?

प्रतिसाद १
पुढची शून्यं! आयनेट_अ‍ॅडर सी भाषेचा रिवाज पाळतो: भाग शून्याने सुरू झाला की तो अष्टमान (० ते ७ एवढेच अंक असलेली पद्धत) धरायचा. ०१० म्हणजे ८, ०६४ म्हणजे ५२. ८ आणि ९ हे अंक अष्टमानात नाहीतच, म्हणून ००८ नाकारला जातो. ००७ पर्यंत दोन्हीकडे किंमत तीच. प्रत्येक भाग पिक झेडझेड९ मध्ये मूव्ह करा (पुढच्या शून्यांच्या जागी स्पेस येतात), फंक्शन ट्रिम लावून त्या स्पेस काढा, मग स्ट्रिंग करा. शिवाय आयनेट_अ‍ॅडर सोडून तेच काम करणारा आयनेट_पीटॉन घ्या. तो १ दिला तर यश, ० दिला तर पत्ता चुकीचा. लिनक्सवर पुढचं शून्य दिसलं तर तो सरळ नकार देतो, चुकीच्या यंत्राकडे पाठवत नाही. आयनेट_अ‍ॅडरचा उणे १ तर २५५.२५५.२५५.२५५ या खऱ्या पत्त्यासारखाच दिसतो.

प्रतिसाद २
तुमच्याकडे चारही भाग आकड्यातच आहेत, मग मजकूर बनवून परत आकडा कशाला? एका ग्रुपखाली एकेका बाइटाची चार BINARY-CHAR अनसाइन्ड फील्ड घ्या आणि डावीकडून क्रमाने मूव्ह करा. नेटवर्कला हवा तोच क्रम तयार होतो, कॉलच लागत नाही. भाग २५५ च्या वर नाही ना, एवढी तपासणी आधी नक्की ठेवा. पिक ९(३) मध्ये ९९९ सुद्धा मावतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. ग्रुपची पद्धत लावली, ००८, ००९, ०१० तिन्ही आपापल्या यंत्राला लागले. एक राहिलं: पोर्ट (जोडणीचा क्रमांक) बायनरी-शॉर्ट अनसाइन्डमध्ये (दोन बाइटांचा आकडा) आहे आणि ८०८० ऐवजी ३६८९५ ला जोडणी मागितली जाते.

प्रतिसाद २
तिथे मात्र कॉल हवा. बायनरी-शॉर्ट यंत्राच्या क्रमाने साठतो, इंटेलवर लहान बाइट आधी. बाइट नेटवर्कच्या क्रमाने (मोठा आधी) लावून देणाऱ्या एचटॉन्सला तो बाय व्हॅल्यू (किंमत म्हणून) पाठवा आणि रिटर्निंगमध्ये तोच फील्ड घ्या. साध्या कॉम्पमध्ये (कोबॉलचा नेहमीचा बायनरी प्रकार) ग्नूकोबॉल मोठा बाइट आधी ठेवतं, त्यामुळे कॉम्प फील्ड असेल तर एचटॉन्स लावू नका.