'मोशे' या नावाचा अर्थ कोणाचा मानावा: निर्गमकाराचा की भाषाशास्त्राचा?

मूळ धागा

बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात फारोची, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाची, कन्या लव्हाळ्याच्या पेटीतल्या बाळाचे नाव मोशे ठेवते आणि त्याला पाण्यातून बाहेर काढले म्हणून, असे कारण सांगते. त्या कारणात 'माशा', म्हणजे ओढून काढणे, हे इब्री (हिब्रू) क्रियापद आहे. मिसरच्या राजकन्येने इब्री धातूवरून नाव ठेवावे, हे मला पटत नाही. मिसरी भाषेत 'मस' या धातूचा अर्थ जन्मणे असा असून थुतमोस, रामसेस अशी राजनावे त्यावरून घडली आहेत. मोशे हेही त्यातलेच, पुढचे देवाचे नाव गळून उरलेले नाव आहे, असे माझे ठाम मत आहे. मोशेचा भाऊ अहरोन याच्या नातवाचे फीनहास हे नावसुद्धा मिसरी 'पा-नेहसी', म्हणजे नूबियाचा माणूस, यावरून आले. तेव्हा ग्रंथातले स्पष्टीकरण प्रवचनांतून व्युत्पत्ती म्हणून सांगणे थांबले पाहिजे.

प्रतिसाद १

मिसरी मूळ संभवनीय आहे, पण आपण मांडता तितके ते निर्विवाद नाही. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात रामसेस हे नगरनाव 'सामेख' (स) या अक्षराने लिहिले आहे, मोशे मात्र 'शीन' (श) या अक्षराने. उसनवारी वेगवेगळ्या काळातली मानली तर हा फरक समजू शकतो, पण तो नजरेआड करता येत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. इब्री व्याकरणानुसार मोशे हे कर्तरी रूप आहे. त्याचा अर्थ 'बाहेर काढलेला' असा नसून 'बाहेर काढणारा' असा होतो. ज्याला पाण्यातून काढले, तोच पुढे अख्ख्या लोकांना समुद्रातून पार नेणार आहे, हे निर्गमकाराने एका नावात पेरून ठेवले आहे. त्याला व्युत्पत्तीच्या तराजूत तोलणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

धागाकर्ता

मग शमुवेल या संदेष्ट्याच्या नावाचे काय? पहिल्या शमुवेलाच्या (बायबलमधल्या त्याच नावाच्या ग्रंथाच्या) पहिल्या अध्यायात त्याची आई हन्ना म्हणते की मी याला परमेश्वराजवळ मागितले, आणि तिथे क्रियापद आहे 'शाअल'. या धातूवरून शौल हे इस्राएलच्या पहिल्या राजाचे नाव सरळ बनते, शमुवेल बनत नाही. त्याच अध्यायाच्या २८व्या वचनात तर बाळाविषयी 'हू शाऊल', म्हणजे शौलाच्या नावाचेच रूप, जसेच्या तसे आले आहे. ही जन्मकथा मुळात शौलाची असावी, असे काही अभ्यासक मानतात, आणि मला ते सयुक्तिक वाटते.

प्रतिसाद १

त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायापर्यंत वाचावे, ही विनंती. तिथे लोक शमुवेलाकडे राजा मागतात आणि त्यांच्यासाठी याच धातूचे रूप योजले आहे. हन्नाने मागितला पुत्र, लोकांनी मागितला राजा, आणि मिळाला तो 'मागितलेला', म्हणजे शौल. एकच धातू इतक्या दूरवर खेळवणारा लेखक पहिल्या अध्यायात नावांची गल्लत करील, हे संभवत नाही.

प्रतिसाद २

अर्थ विसरला तरी नाव टिकते, याचा पुरावा आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजात शमुवेलाचा समाजी आणि यहेज्केलाचा हसाजी झाला. १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे समाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. त्यांना हाक मारणाऱ्या किती जणांच्या मनात धातू येत असेल? उलट, लेखनिकांना नावाचा अर्थ फार बोचत असे: शौलाच्या मुलाचे एश्बाल हे नाव बायबलच्या 'पहिला इतिहास' या ग्रंथात शाबूत आहे, पण 'दुसरा शमुवेल' या ग्रंथात त्यातले 'बाल' हे परक्या देवाचे नाव काढून 'बोशेथ', म्हणजे लाज, हा शब्द घातला आहे. हे दोन्ही लक्षात घेतल्याशिवाय कोणत्याही एका बाजूचा निकाल देऊ नये.

धागाकर्ता

मोशे आणि शमुवेल यांच्याबाबत कथाकाराचे कौशल्य मला मान्य आहे. पण फीनहास या नावाचा अर्थ ग्रंथ कुठेच सांगत नाही. त्या नावावर ना कथा रचली आहे, ना श्लेष. तिथे मिसरी मूळ हाच एकमेव साक्षीदार उरतो, आणि मोशे, अहरोन आणि फीनहास ज्यातले, त्या लेवी घराण्याचा मिसरशी असलेला संबंध तपासायचा असेल, तर अशी स्पष्टीकरण नसलेली नावेच आधी हाताळली पाहिजेत, कारण कोणत्याही कथाकाराने ती आपल्या सोयीसाठी वळवलेली नाहीत.